निळा आणि पिवळा मिळून राखाडी?

"निळा आणि पिवळा मिसळला की कोणता रंग होतो?" हा प्रश्न चौथीतल्या मुलाला विचारून पाहा. उत्तर देण्यापूर्वी तो आपल्याकडे जरा नवलानेच पाहील. हिरवा! यात विचारायचे ते काय? रंगपेटी हाती आल्यापासून प्रत्येकाने हा प्रयोग केलेला असतो. परंतु गेल्या दिवाळीच्या आधी याच साध्या प्रश्नाने मला चांगलेच पेचात टाकले, आणि महाविद्यालयात इतकी वर्षे प्रकाशशास्त्र शिकवूनही आपले उत्तर अर्धेच होते, हे मला कबूल करावे लागले. ती हकीकत अशी.

भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यात एकोडी हे गाव आहे. हा सारा मुलूख धानाचा आणि तलावांचा. तेथील एका शाळेत प्रकाशावर व्याख्यान देण्यासाठी मी गेलो होतो. व्याख्यान झाले, चहा झाला, आणि चित्रकलेचे सर मला संगणकाच्या खोलीत घेऊन गेले. शासकीय रेखाकला परीक्षांसाठी, म्हणजे आपल्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटसाठी, वर्षानुवर्षे मुलांची तयारी करून घेणारे हे शिक्षक. यंदा ते मुलांना संगणकावरही चित्रे काढावयास शिकवीत होते. 'क्रिता' नावाची, मोफत मिळणारी आज्ञावली त्यांनी यंत्रांवर चढवून घेतली होती.

नववीतील एक मुलगी धानाच्या बांधीत उभा असलेला सारस रंगवीत होती. भंडारा-गोंदियाकडच्या मुलांना सारस सांगावा लागत नाही. उंच पाय, राखाडी अंग, लालभडक डोके व मानेचा वरचा भाग. धानासाठी तिला हिरवा रंग हवा होता. वर्गात शिकविल्याप्रमाणे तिने आधी निळा भरला, कुंचल्याचा रंग निम्मा पारदर्शक केला आणि त्यावरून पिवळा फिरविला.

"सर, हे तं राखडी झालं!"

हवा होता धानाचा हिरवा, मिळाला सारसाच्या पाठीचा राखाडी! चित्रकलेच्या सरांचे म्हणणे पडले की आज्ञावलीतच काहीतरी खोट आहे. मुलीचे म्हणणे, संगणक कसा चुकेल? तेव्हा सरांनी शिकविलेलेच चूक असले पाहिजे. हे ती मोठ्याने बोलली नाही, पण तिच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसत होते. दोघेही माझ्याकडे पाहू लागले.

मी ऐटीत सांगितले, "अहो, सोपे आहे. कागदावर रंगद्रव्ये मिसळतात, पडद्यावर प्रकाश मिसळतो. दोहोंचे नियम निरनिराळे."

मुलगी क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "पण सर, तुम्ही आत्ताच व्याख्यानात म्हणाले की सगळे प्रकाश मिळाले की पांढरा होतो. हा पांढरा कुठं झाला? राखडी झाला."

मला उत्तर देता आले नाही. "पुढच्या वेळी सांगतो," असे म्हणून मी निघालो, आणि घरी येऊन कागद-पेन्सिल घेऊन बसलो. त्यातून जे हाती लागले ते पुढे देत आहे.

मोहरीएवढा थेंब

सुरुवात पडद्यापासून करू. मोबाईलच्या पडद्यावर पांढरा रंग येईल असे एखादे पान उघडा आणि बोटाच्या टोकाने त्यावर मोहरीच्या दाण्याएवढा पाण्याचा थेंब ठेवा. थेंब मोठा नको. जितका लहान, तितका त्याचा फुगवटा जास्त आणि भिंगासारखा गुण अधिक. आता थेंबातून निरखून पाहा. तेथे पांढरे काहीच नाही! लाल, हिरवे आणि निळे असे बारीक ठिपके किंवा पट्ट्या ओळीने मांडलेल्या दिसतील. पडदा पिवळा केला तर निळे ठिपके विझतात. लाल आणि हिरवे मात्र जळत राहतात. पडद्यावर पिवळा दिवा नसतोच मुळी.

अशा तीन दिव्यांच्या एका गटास पिक्सेल म्हणतात. आपण त्यास चित्रकण म्हणू. शाळेतील संगणकाचा पडदा बहुधा १३६६ चित्रकण रुंद व ७६८ चित्रकण उंच असतो, म्हणजे त्यावर १०,४९,०८८ चित्रकण झाले. रांगोळीचे ठिपके ज्यांनी मांडले आहेत त्यांना ही कल्पना नवी नाही. वस्त्रावर नक्षी विणणारे कारागीरही आधी चौकटींच्या कागदावर ती नक्षी उतरवून घेतात. एक चौकट म्हणजे धाग्यांचा एक छेद. फरक एवढाच की येथे चौकटी डोळ्यांस दिसू नयेत इतक्या बारीक आहेत. निरोगी डोळ्यास साधारणपणे अंशाच्या साठाव्या भागाहून लहान कोनातील दोन ठिपके वेगळे दिसत नाहीत. मोबाईल ३० सेंटिमीटरवर धरला तर हे अंतर सुमारे ०.०९ मिलिमीटर येते. त्याहून जवळजवळ असलेले लाल आणि हिरवे दिवे आपल्याला एकच एक पिवळे दिसतात.

पण लाल आणि हिरवा मिळून पिवळाच का दिसावा? याचे कारण प्रकाशात नाही, डोळ्यांत आहे. आपल्या दृष्टिपटलावर रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या आहेत. टॉमस यंग या इंग्रज वैज्ञानिकाने १८०२ च्या सुमारास केवळ तर्काने ही गोष्ट सुचविली होती. दृष्टिपटलावरील प्रत्येक बिंदूपाशी प्रत्येक रंगासाठी वेगळी यंत्रणा असणे अशक्य, तेव्हा ती थोड्याच, बहुधा तीन, प्रकारची असावी, असे त्याचे म्हणणे. पिवळा प्रकाश डोळ्यांत शिरला की या तीन पेशी ज्या प्रमाणात चेतविल्या जातात, त्याच प्रमाणात त्या लाल आणि हिरव्या प्रकाशाच्या योग्य मिश्रणानेही चेतविता येतात. मेंदूस हे तीन संदेशच तेवढे कळतात. लोलकाला ठकविता येत नाही, डोळ्याला येते. सारी दूरचित्रवाणी, सारे संगणक आणि मोबाईल या एका ठकविण्यावर उभे आहेत.

१८६१ साली जेम्स क्लार्क मॅक्सवेलने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हे प्रत्यक्ष करून दाखविले. एका रंगीत पट्टेदार फितीची लाल, हिरव्या व निळ्या गाळणीतून तीन छायाचित्रे घेतलेली होती. त्याच रंगांच्या प्रकाशांनी ती पडद्यावर एकावर एक टाकताच रंगीत चित्र उमटले. गंमत अशी की त्या काळच्या छायाचित्रणाच्या काचांना लाल प्रकाश जाणवतच नव्हता! मग लालाचे चित्र आले कोठून? हे कोडे पुढे १९६१ साली, म्हणजे बरोबर शंभर वर्षांनी, उलगडले. फितीवरील लाल रंगातून अतिनील किरणही परावर्तित होत होते, लाल गाळणीतून ते पार होत होते आणि काचेवर त्यांचीच नोंद झाली होती. हा अतिनील प्रकाश लक्षात ठेवा. शेवटी त्याची गाठ पुन्हा पडणार आहे.

नाटकातले दिवे आणि नाटकातला पडदा

एकोडीच्या मुलांना हे समजावून देणे मुंबई-पुण्याच्या मुलांपेक्षा सोपे आहे असे मला वाटते. कारण ही मुले झाडीपट्टीची. दिवाळी आटोपली की गावोगाव मंडई भरते आणि रात्रभर नाटक चालते. त्या मंचावर रंगांच्या दोन्ही तऱ्हा शेजारी शेजारी पाहावयास मिळतात: मागे रंगविलेला पडदा, समोरून रंगीत दिवे.

दोन विजेऱ्या घ्या. एकीवर लाल, दुसरीवर हिरवा जिलेटिन कागद बांधा. अंधाऱ्या खोलीत दोन्ही झोत पांढऱ्या भिंतीवर एकाच जागी पाडा. जेथे ते एकमेकांवर पडतील तेथे पिवळसर उजेड दिसेल. कागद जितका शुद्ध रंगाचा, तितका पिवळा चांगला. आता हेच दोन्ही कागद एकाच विजेरीवर एकावर एक ठेवा. भिंतीवर जवळजवळ अंधार! कागद तेच, मग असे का? पहिल्या वेळी लाल प्रकाशात हिरव्याची भर पडली. दुसऱ्या वेळी लाल कागदाने लालखेरीज बाकीचे गिळून टाकले, आणि उरलेले लाल हिरव्या कागदाने गिळले. पहिली बेरीज, दुसरी वजाबाकी.

रंगद्रव्ये वजाबाकीच्या पक्षातली. रंगपेटीतला पिवळा रंग पांढऱ्या प्रकाशातील निळा भाग गिळतो आणि लाल, पिवळा, हिरवा हे भाग परत पाठवितो. निळा रंग लाल-पिवळे भाग गिळतो. निळ्याबरोबर बराचसा हिरवाही परत पाठवितो. दोघांना कालविले की दोघांच्याही तावडीतून सुटणारा एकच भाग उरतो, तो हिरवा. म्हणजे हिरवा काही नव्याने 'तयार' होत नाही; तो दोन्ही रंगांत आधीपासून असतोच, बाकीचे तेवढे नाहीसे होतात. चित्रकलेच्या सरांना मी हे पुढल्या भेटीत सांगितले तेव्हा ते लगेच म्हणाले, "म्हणूनच प्रशियन निळ्यात लिंबू पिवळा घातला तर झकास हिरवा येतो, आणि अल्ट्रामरीन घातला तर मळकट येतो." अगदी बरोबर. प्रशियन निळा हिरव्याकडे झुकलेला, अल्ट्रामरीन जांभळ्याकडे झुकलेला. ज्याच्यापाशी हिरवा मुळातच थोडा, तो देणार कोठून? पुस्तक न वाचता, हाताने हजार वेळा रंग कालवून मिळविलेले हे ज्ञान आहे.

एक प्रश्न, चार उत्तरे

आता मुलीच्या प्रश्नाकडे वळू. संगणकाला रंग ठाऊक नाहीत, आकडे ठाऊक आहेत. प्रत्येक चित्रकणातील लाल, हिरव्या व निळ्या दिव्यासाठी ० ते २५५ यांपैकी एक आकडा असतो. ० म्हणजे विझलेला, २५५ म्हणजे पूर्ण पेटलेला. २५६ ला २५६ ने आणि पुन्हा २५६ ने गुणले की १,६७,७७,२१६ येतात. इतके रंग लिहिता येतात. निळा म्हणजे (०, ०, २५५). पिवळा म्हणजे (२५५, २५५, ०).

या दोन रंगांचे मिश्रण करा असे संगणकाला सांगितले तर त्याने काय करावे? तो आकडेमोडच करणार, पण कोणती?

त्या मुलीने निम्मा पारदर्शक कुंचला वापरला होता. त्याचा अर्थ, 'खालचा निम्मा ठेव, वरचा निम्मा घे', म्हणजे सरासरी. ० आणि २५५ यांची सरासरी १२७.५, म्हणजे १२८ धरू. तिन्ही जागी तेच येते: (१२८, १२८, १२८). तिन्ही दिवे सारखेच पेटले की रंगच्छटा नाही. पूर्ण पेटले तर पांढरा, अर्धवट पेटले तर राखाडी. हाच तो सारसाच्या पाठीचा रंग! मी सांगितलेला नियम बेरजेचा होता, परंतु कुंचला बेरीज करीतच नव्हता.

बेरीजही करता येते. चित्राचे एकावर एक पारदर्शक थर करून वरच्या थराला 'बेरीज' ही रीत दिली तर (२५५, २५५, २५५), म्हणजे शुभ्र पांढरा मिळतो. दोन विजेऱ्यांचा प्रयोग तो हाच. आणि 'गुणाकार' ही रीत दिली तर? येथे २५५ म्हणजे 'सर्व जाऊ दे' आणि ० म्हणजे 'काहीच जाऊ देऊ नको' असे समजतात. शून्याने कशालाही गुणले तरी शून्य. म्हणून (०, ०, ०), काळाकुट्ट. एकाच विजेरीवर ठेवलेले दोन जिलेटिन कागद ते हेच.

म्हणजे सरासरीने राखाडी, बेरजेने पांढरा, गुणाकाराने काळा, आणि रंगपेटीने हिरवा. प्रश्न एक, उत्तरे चार, आणि चारही बरोबर! आज्ञावलीत खोट नव्हती, सरांचे शिकविणेही चूक नव्हते. 'मिसळणे' हा शब्द तेवढा दोघे निराळ्या अर्थाने वापरीत होते.

हिरवा हवाच असेल तर गुणाकारासाठी निळा बदलावा लागेल. (०, २५५, २५५) हा आकाशी-हिरवट निळा घेऊन त्यास पिवळ्याने गुणा: पहिल्या जागी ०, दुसऱ्या जागी २५५, तिसऱ्या जागी ०. आला हिरवा. प्रशियन निळ्याची गोष्ट येथे आकड्यांत पुन्हा भेटते.

अलीकडे काही आज्ञावल्या खऱ्या रंगद्रव्यांप्रमाणे मिश्रण करू लागल्या आहेत. रंगाच्या थरात प्रकाश किती शोषला जातो व किती विखुरला जातो याचे गणित कुबेल्का आणि मुंक या दोघांनी १९३१ साली मांडले होते. ते चित्रकाराच्या कुंचल्याबरोबर क्षणार्धात करता येईल इतके सुटसुटीत रूप २०२१ साली चेक प्रजासत्ताकातील दोन संशोधकांनी त्यास दिले. अशा आज्ञावलीत निळ्यावर पिवळा फिरवा, हिरवा मिळेल.

काळी कड

त्याच चित्रात आणखी एक गोष्ट माझ्या नजरेस आली. सारसाच्या लाल डोक्याची कड तिने हिरव्या शेतात मऊ पसरविली होती. तेथे एक काळपट मळकी रेघ उमटली होती. मुलीला वाटले तिचाच हात चुकला. हात चुकला नव्हता. आकड्यांची आणि प्रकाशाची मापे एक नाहीत, हे त्याचे कारण.

वीज गेलेल्या घरात एक मेणबत्ती लावली तर सारी खोली उजळल्यासारखी वाटते. दहा मेणबत्त्या जळत असताना अकरावी लावली तर कोणाच्या ध्यानातही येत नाही. वाढलेला प्रकाश दोन्ही वेळी तेवढाच. डोळा वाढ मोजतो ती आधीच्या प्रकाशाच्या मानाने. म्हणून ० ते २५५ या पायऱ्या प्रकाशाच्या समान वाटण्या करून मांडल्या, तर अंधाराकडच्या पायऱ्या फार उंच होतील आणि उजेडाकडच्या कित्येक पायऱ्या वाया जातील. तसे होऊ नये म्हणून त्या डोळ्याच्या सोयीने मांडल्या आहेत. जुन्या काचनळीच्या दूरचित्रवाणी संचांचा स्वभावही, योगायोगाने, असाच होता. परिणाम असा की १२८ हा आकडा २५५ च्या निम्मा असला तरी त्याने पेटलेला दिवा पूर्ण दिव्याच्या निम्मा नव्हे, सुमारे २२ टक्केच प्रकाश देतो. खरोखर निम्म्या प्रकाशाचा आकडा आहे १८८.

आता लाल (२५५, ०, ०) आणि हिरवा (०, २५५, ०) यांच्या सीमेवर आकड्यांची सरासरी घेतली तर (१२८, १२८, ०) येते. लाल निम्मा व हिरवा निम्मा हवा होता. मिळाला दोन्ही २२ टक्के. सीमेवर प्रकाशाचा निम्म्याहून अधिक भाग हरवला, म्हणून काळी कड! आधी आकड्यांचे प्रकाशात रूपांतर करायचे, मग सरासरी घ्यायची आणि पुन्हा आकडे करायचे, असे केले तर (१८८, १८८, ०) येते आणि कड स्वच्छ पिवळसर दिसते. काही आज्ञावल्यांत तशी सोय असते. नसेल तर चित्रकार काय करतात? मधला रंग स्वतः निवडून कडेवर भरतात. जलरंगात हेच करावे लागते, हे चित्रकलेच्या सरांनी हसत सांगितले.

छापल्यावर

चित्र पुरे झाले आणि शाळेच्या भिंतीवर लावण्यासाठी तालुक्याच्या गावी छापून घेतले. मुलगी हिरमुसली. पडद्यावर झगमगणारे धान कागदावर निस्तेज झाले होते.

छपाई पुन्हा वजाबाकीच्या पक्षात जाते. रविवारच्या पुरवणीतील रंगीत चित्रावर भिंग धरा. लाल-हिरवे-निळे ठिपके तेथे नाहीत. आकाशी निळा, किरमिजी, पिवळा व काळा अशा चार शाईंचे ठिपके आहेत. पांढऱ्या कागदावर पडलेल्या उजेडातून या शाई वजाबाकी करीत जातात, त्यामुळे कागद पडद्याइतका तेजस्वी हिरवा देऊच शकत नाही. काळी शाई वेगळी का? कारण पहिल्या तिन्ही एकत्र केल्या की काळ्याऐवजी मातकट तपकिरी येतो.

थोड्या शाईंतून सर्व रंग काढण्याची ही विद्या आपल्याकडे कशी आली, ही मोठी रंजक कथा आहे. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला तेव्हा शिळाछपाईत प्रत्येक रंगासाठी निराळा दगड लागे. लक्ष्मीच्या एका चित्रासाठी दगडांची रासच! पुढे छायाचित्रणाच्या साहाय्याने मूळ चित्राचे तीन रंगांत पृथक्करण करून तीन ठशांनी छापण्याची रीत आली. मॅक्सवेलच्या प्रयोगाचीच ती वजाबाकीची आवृत्ती. आपल्या एका माणसाला या विद्येचा ध्यास लागला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या त्या गृहस्थाने स्वतःचा छापखाना काढला आणि रंगीत छपाईचे नवे तंत्र पाहण्यासाठी १९०९ साली जर्मनी गाठली. त्याचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. १९१३ सालचा 'राजा हरिश्चंद्र' सर्वांना ठाऊक असतो. त्याआधीचा रंगांचा कारागीर फाळके मात्र फारसा कोणी सांगत नाही.

फिकटपणाखेरीज आणखी एक अडचण: मोबाईलवर काढलेले ७२० गुणिले १२८० चित्रकणांचे चित्र नीट छापायचे, म्हणजे इंचाला ३०० कण, तर ते अवघे २.४ इंच रुंद निघते. मोठ्या कागदासाठी मोठ्या आकाराचाच कागद आज्ञावलीत आधी उघडावा. मागून ताणून उपयोग नाही. कण वाढत नाहीत, फुगतात.

डोळे किलकिले करून

मुलगी मात्र वेगळ्याच गोष्टीने नाराज होती. सारसाचे डोके उठून दिसत नव्हते. लाल आणि हिरवा हे विरुद्ध रंग, असे ती शिकली होती; मग लाल डोके हिरव्या शेतात हरवावे का? सर दोन पावले मागे सरले, डोळे किलकिले करून पाहिले आणि म्हणाले, "बेटा, दोन्ही एकाच वजनाचे झाले."

'वजन' म्हणजे काय ते मी आकड्यांत काढून पाहिले. तिचा लाल होता (२००, ३०, ३०) आणि हिरवा (३०, १२०, ३०). आपल्या डोळ्यास तिन्ही दिवे सारखे उजळ वाटत नाहीत. पांढऱ्या पडद्याच्या उजळपणात हिरव्या दिव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालाचा २१ आणि निळ्याचा जेमतेम ७. (म्हणूनच काळ्या पाटीवर गडद निळी अक्षरे वाचवत नाहीत आणि पिवळी लख्ख दिसतात, पिवळ्यात हिरवा व लाल मिळून ९३ टक्के आले.) आकड्यांचे प्रकाशात रूपांतर करून या वाट्यांनी गुणले, तेव्हा लालाचा उजळपणा पांढऱ्याच्या सुमारे १३ टक्के आला आणि हिरव्याचा १४ टक्के! म्हणजे रंग भिन्न, उजळपणा एकच. चित्र राखाडी करून पाहताच सारसाचे डोके शेतात विरघळून गेले. ज्यांना लाल-हिरव्यातील भेद नीट कळत नाही अशी मुले प्रत्येक शाळेत एखाददुसरी असतातच. त्यांना हे डोके दिसलेच नसते.

मला या हिशेबास पाऊण तास लागला. सरांना एक क्षण लागला. डोळे किलकिले केले की बारीक तपशील पुसट होतात, प्रकाश कमी होतो आणि छायाप्रकाशाचे ढोबळ तुकडे तेवढे उरतात. वस्तुचित्रासाठी चित्रकार पिढ्यानुपिढ्या हेच करीत आले आहेत. शेत उजळ करायचे की डोके, एवढाच प्रश्न राहिला. सरांनी शेत उजळ करावयास सांगितले. कापणीजवळ आलेले धान तसेही पिवळसरच असते.

शेत उजळताच एक नवी तक्रार निघाली: सारसाची पाठ आता आधीपेक्षा गडद दिसू लागली! "मी तिला हातसुद्धा लावला नाही, सर." येथे संगणकाने मोठी मदत केली. रंग टिपणाऱ्या साधनाने पाठीचा आकडा आधीही काढला होता, आताही काढला. तोच होता. शेजारच्या रंगामुळे रंग बदलल्यासारखा दिसतो, ही गोष्ट शेवरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९ साली ग्रंथरूपाने मांडली. पॅरिसच्या गोबेलँ येथील विणकामाच्या कारखान्यात तो रंगाई पाहत असे. काळा रंग नीट चढत नाही अशा तक्रारी येत. त्याने तपासले, तर रंगात दोष नव्हता. शेजारच्या धाग्यांच्या संगतीने काळा फिका भासत होता. शेवरलला हे पटवून देण्यास पुष्कळ धागे शेजारी शेजारी ठेवावे लागले असतील. तुम्हाला दोन चौकोन पुरतील: एक पांढरा, एक काळा, दोहोंच्या मध्ये (१२८, १२८, १२८) चे लहान चौकोन. दोन्ही राखाडी सारखे दिसतात का पाहा, आणि मग आकडा टिपून पाहा.

चित्र दुसऱ्यांदा छापले. या वेळी डोके दिसते. ते आता शाळेच्या व्हरांड्यात लावलेले आहे.

निघताना त्या मुलीने आणखी एक प्रश्न विचारला. "सर, खऱ्या सारसाला पडद्यावरचा हा सारस दाखवला, तर त्याला बरोबर दिसेल का?" या वेळी मी घाईने उत्तर दिले नाही. पडद्यावर तीन दिवे आहेत, कारण आपल्या डोळ्यांत तीन प्रकारच्या शंकुपेशी आहेत. पक्ष्यांच्या डोळ्यांत चार प्रकारच्या असतात. चौथीचा रोख जांभळ्या व अतिनील बाजूकडे असतो. त्या चौथ्या पेशीसाठी आपल्या पडद्यावर दिवाच नाही. आपल्याला ज्या ठकविण्यामुळे पिवळा दिसतो ते त्याच्यासाठी बेतलेले नाही, तेव्हा सारसाला ते चित्र बहुधा चुकीच्या रंगांचे दिसेल. त्याच्या डोळ्यांसाठी पडदा करायचा झाला, तर प्रत्येक चित्रकणात चार दिवे लावावे लागतील, आणि त्यांतला एक आपल्याला फारसा दिसणारच नाही.